सॅटेलाइटचा अँटेना जरासा हलला तर तुमच्या इंटरनेटचं काय होतं?

छतावरची डिश वाऱ्याने हलली की टीव्हीवर चौकोन दिसायला लागतात, हे आपल्याला माहीत आहे. पण डिश जागच्या जागी आहे आणि ३६ हजार किलोमीटर वरचा सॅटेलाइटचाच अँटेना हलला तर?

पूर्वीचे बरेच सॅटेलाइट अख्ख्या देशावर एकच मोठा बीम टाकायचे. तो थोडा सरकला तरी फारसं कुणाला कळायचं नाही. इस्रोच्या जीसॅट-एन२ चं तसं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटने गेलेल्या या सॅटेलाइटचे तब्बल ३२ बीम आहेत. त्यातले ८ अरुंद बीम ईशान्य भारतासाठी आणि २४ रुंद बीम उरलेल्या देशासाठी.

इतके तुकडे कशाला? कारण फ्रिक्वेन्सी मोजकीच मिळते. शेजारच्या बीमला वेगळी द्यायची आणि जरा लांबच्या बीमला तीच पुन्हा वापरायची. नकाशात शेजारची राज्यं वेगवेगळ्या रंगांत रंगवतात ना, अगदी तसं. त्यामुळे एकाच सॅटेलाइटमधून कितीतरी जास्त डेटा जातो.

आता गंमत बघा. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. अँटेना त्याच्या फक्त पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे ०.१ अंश वळला, तर जमिनीवर बीम ६० किलोमीटरहून जास्त सरकतो. पुण्याहून लोणावळ्याला जाण्याइतका! बीमच्या कडेला राहणाऱ्याचा सिग्नल पडतो, आणि त्याच फ्रिक्वेन्सीचा लांबचा बीम त्याच्यात लुडबुड करायला लागतो. त्यात हा सॅटेलाइट का-बँडवर चालतो. पावसात हा बँड आधीच कमजोर होतो, आणि ईशान्येतला पाऊस काही सांगायला नको.

पण तिथे वर वाराच नाही, मग अँटेना हलतो कसा? मुख्य कारण ऊन. दिवसभरात सूर्य सॅटेलाइटच्या वेगवेगळ्या बाजूंवर येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास तर मध्यरात्री जास्तीत जास्त ७२ मिनिटं सॅटेलाइट पृथ्वीच्या सावलीत असतो. तापणं-गार होणं चालू राहिलं की डिश आणि तिचे आधार किंचित वाकतात. शिवाय जागेवर टिकून राहण्यासाठी थ्रस्टर चालवले की सगळा सांगाडा थोडा डोलतो.

यावरचा सगळ्यात भारी उपाय म्हणजे जमिनीवरूनच खूण दाखवणं. ठरलेल्या ठिकाणाहून बीकन नावाचा सिग्नल सतत वर पाठवतात. तो मधोमध न येता एका बाजूला झुकला, तर सॅटेलाइटला कळतं की आपण किती आणि कुठे चुकलो. मग छोट्या मोटरने डिश वळवतात, किंवा अख्खा सॅटेलाइटच. नासाने १९९३ मध्ये सोडलेल्या एसीटीएस या प्रायोगिक सॅटेलाइटने क्लीव्हलँडहून येणाऱ्या सिग्नलचा असाच माग काढला होता.

बीकन नसेल तर? उन्हामुळे येणारी चूक बऱ्याच अंशी रोज त्याच वेळी तशीच येते. त्यामुळे ती आधी मोजून, कुठल्या वेळी किती वळायचं याचं वेळापत्रकच सॅटेलाइटला देता येतं.

मात्र डिशचा आकारच बिघडला, तर मोटर काही करू शकत नाही. म्हणून ती तापमानाने जवळजवळ न फुगणाऱ्या कार्बन फायबरची बनवतात.