पांच मिनिटें पंचावन्न सेकंदांचें गाणें

रॉक संगीत म्हणजे निव्वळ गलबला, असा पुष्कळ वडील मंडळींचा समज असतो. आणि विद्यार्थ्यांस तीं गाणीं आवडतात, परंतु तीं घडलीं कशीं याची चौकशी ते क्वचितच करितात. दोघांचेंहि थोडेंबहुत समाधान व्हावें, म्हणून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या जगप्रसिद्ध इंग्रजी गीताची जन्मकथा येथें सांगण्याचें योजिलें आहे. या कथेचा एक धागा आपल्या पांचगणीपर्यंत येऊन पोहोंचतो.

गीताचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी. त्याचें मूळचें नांव फारोख बलसारा. ता. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजिबार बेटावर एका पारशी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. पुढें तो पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत वसतिगृहांत राहून शिकला. तेथेंच त्यानें पियानोचे धडे घेतले व सोबत्यांसह ‘हेक्टिक्स’ नांवाचा लहानसा वाद्यवृंद काढिला. १९६४ सालीं हें कुटुंब इंग्लंडांत गेलें. १९७० मध्यें ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्या सहवासांत ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा उदय झाला, आणि पुढील वर्षीं जॉन डीकन त्यांस येऊन मिळाला.

आतां ‘सिंगल’ म्हणजे काय, तें पाहूं. एका बाजूस एकच गाणें असलेली जी लहान तबकडी, तिला हें नांव आहे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. आपल्याकडील नामांकित गवयांनींहि या मर्यादेमुळें विस्तृत राग तीन मिनिटांत आटोपते घेतले. पुढें यंत्रें सुधारलीं, तरी तीन मिनिटांची संवय मात्र नभोवाणीवाल्यांच्या अंगीं मुरून राहिली.

१९७५ सालीं ‘क्वीन’ मंडळी पेंचांत होती. तीन गीतसंग्रह प्रसिद्ध होऊन नांव झालें होतें, परंतु हातीं पैसा नव्हता. अशा वेळीं मर्क्युरीनें जें गीत पुढें ठेविलें, त्यास ध्रुवपदच नव्हतें! आरंभीं वाद्यांवांचून कंठस्वर, मग पियानोवरील करुण गीत, त्यामागून गिटारवादन, नंतर ऑपेरा या युरोपीय संगीत-नाट्याच्या धर्तीचा भाग, तदनंतर दणदणीत रॉक आणि अखेरीस पुन्हां शांतता, अशी त्याची रचना होती. संपूर्ण आराखडा कर्त्याच्या डोक्यांत होता. सोबत्यांस तो तुकड्यातुकड्यांनींच कळत गेला.

वेल्स प्रांतांतील रॉकफील्ड स्टुडिओंत ऑगस्ट १९७५ मध्यें ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. निर्माता रॉय थॉमस बेकर होता. ऑपेराच्या भागांत मोठा गायकवर्ग गात असल्याचा भास होतो. परंतु तेथें मर्क्युरी, मे व टेलर हे तिघेच गात आहेत. हें साधलें कसें? ध्वनिफितीवर चोवीस स्वतंत्र पट्टे होते. तिघांनीं एक ओळ गावी, तीच पुन्हां दुसऱ्या पट्ट्यावर गावी, मग ते पट्टे एकत्र करून एकावर उतरवावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत पुन्हां गावें. या एकाच भागास सुमारें तीन आठवडे लागले. फितीवर लोहाच्या संयुगाचा लेप असतो. ती यंत्रांतून इतक्या वेळां फिरली कीं, लेप झिजून फितींतून पलीकडचा उजेड दिसूं लागला, असें या मंडळींनींच पुढें सांगितलें.

गीत तयार झालें, तें पांच मिनिटें पंचावन्न सेकंदांचें! इतकें लांब गाणें नभोवाणीवर कोण लावणार, अशी कंपनीस धास्ती पडली व तें कापावें अशी सूचना झाली. मंडळींनीं साफ नकार दिला. तेव्हां लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट यानें हातीं आलेली प्रत दोन दिवसांत चौदा वेळां वाजविली, आणि श्रोते दुकानांतून त्या तबकडीची मागणी करूं लागले. ता. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजीं ती प्रसिद्ध झाली व ब्रिटनच्या विक्रीच्या यादींत नऊ आठवडे पहिल्या स्थानीं राहिली. मंडळी दौऱ्यावर असल्यामुळें दूरचित्रवाणीसाठीं ब्रूस गावर्स यानें कांहीं तासांतच एक चित्रफीत तयार केली. गाण्यासोबत चित्रफीत काढण्याच्या प्रथेस तिच्यामुळें मोठीच चालना मिळाली.

ता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं एड्सच्या विकारानें मर्क्युरी वारला. त्या वेळीं त्याचें वय अवघें पंचेचाळीस वर्षांचें होतें. त्यानंतर हें गीत पुन्हां प्रसिद्ध होऊन पुन्हां पहिल्या स्थानीं गेलें, आणि त्याचें उत्पन्न एड्सपीडितांची सेवा करणाऱ्या संस्थेस देण्यांत आलें.

विद्यार्थीमित्रहो, हें गीत तुम्हांस आवडावेंच, असा माझा आग्रह नाहीं. परंतु पुढच्या खेपेस तें कानीं पडेल, तेव्हां ऑपेराचा भाग लक्ष देऊन ऐका. त्या एवढ्या मोठ्या समूहांत तिघांचेच कंठ आहेत, हें ध्यानांत ठेवा. आणि पालकहो, घरांत एखादा मुलगा पेटीवर तीच ती ओळ शंभरदां वाजवून आपणांस त्रास देत असेल, तर त्यास गप्प करण्यापूर्वीं क्षणभर पांचगणीच्या त्या शाळेंतील पियानोची आठवण करावी.