तटाच्या आतले आणि तटाबाहेरचे बऱ्हाणपूर

प्रवास म्हटला की आमच्या घरी एकच प्रवास ठाऊक. दिवाळी झाली की आई-वडील बिऱ्हाड बांधून गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. नुसते पाहायला म्हणून परगावी जाणारा घरातला पहिला माणूस मीच, जसा कॉलेजात जाणाराही पहिला मीच. म्हणून जानेवारीत दोन वर्गमित्रांबरोबर बऱ्हाणपूरला निघालो तेव्हा आनंदाबरोबर मनात थोडी टोचणीही होती. इतिहासाच्या सरांनी स्वतःचा कॅमेरा मोठ्या विश्वासाने हाती दिला होता.

बऱ्हाणपूरच का, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे कारण असे की, ते आज मध्य प्रदेशात असले तरी एके काळी आपल्या खानदेशाची राजधानी होते. फारुकी घराण्यातील नासीरखानाने इ. स. १४०० च्या सुमारास ते वसविले व सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. इ. स. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. सुरतेच्या बंदरातून आग्ऱ्याकडे जाणारा मोठा रस्ता नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला जात असे. इंग्रज वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघून बऱ्हाणपूरला शाहजादा परवेझच्या दरबारात पोहोचला होता. आम्ही नंदुरबारहून भुसावळला व तेथे गाडी बदलून बऱ्हाणपूरला गेलो. तापीही तीच, आमच्या प्रकाशाजवळून पुढे वाहणारी.

शहराभोवती विटांचा तट आहे. तो १७३१ साली निजाम-उल-मुल्क आसफजहाने बांधविला. त्याच्या आधी १६८१ मध्ये मराठ्यांच्या फौजेने येथील बहादुरपुरा हे तटाबाहेरचे संपन्न उपनगर लुटले होते. व्यापारी शहराला तट का लागतो, हे यावरून समजते. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले. शनवारा, इतवारा, राजपुरा अशी वेशींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. रिक्षावाल्याला 'शनवारा' एवढेच म्हटले की पुरते.

आता छायाचित्रांविषयी आमचा अनुभव सांगतो, पुढे जाणाऱ्यांस उपयोग होईल. पहिल्या दिवशी आम्ही भर दुपारी वेशीचे फोटो काढले. सारेच फिके आणि सपाट आले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच गेलो, तेव्हा तिरप्या उन्हात विटेवीट वेगळी दिसली. कमान किती उंच आहे हे नुसत्या कमानीच्या फोटोवरून कळत नाही. तिच्याखालून सायकलवाला किंवा हातगाडी जाईपर्यंत थांबावे, म्हणजे माप आपोआप मिळते. तापीकाठच्या शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर जुनी रंगीत नक्षी आहे. तेथे फ्लॅश मारू नये, भिंतीला पाठ टेकून हात स्थिर ठेवावा. जामा मशिदीत नमाजाची वेळ टाळून, परवानगी विचारून जावे. तेथे अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वही जवळ ठेवावी. कोणता फोटो कुठला आणि किती वाजताचा, हे लिहिले नाही तर घरी आल्यावर सगळे दगड सारखेच वाटतात.

तटाला टेकून काही घरे उभी आहेत. एका घरासमोर मी बुरुजाचा फोटो घेत होतो, तेव्हा दारातल्या आजीबाई म्हणाल्या, "बाबा, भिंतीचा फोटो काढायला पुष्कळ येतात. आमचा कोणी काढत नाही." मी खजील झालो. त्यांचा, सुनेचा आणि नातवाचा फोटो काढला, पत्ता लिहून घेतला व परत आल्यावर प्रत पोस्टाने पाठविली. सबंध सहलीतले माझे ते सर्वांत चांगले छायाचित्र आहे, असे सरांचेही मत पडले.

येथेच १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महलचे बाळंतपणात निधन झाले. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले व त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्ऱ्यास नेला. ही कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. परंतु परत आल्यावर ग्रंथालयात वाचताना दुसरी हकीकत कळली. त्याच सुमारास गुजरात व खानदेशात भयंकर दुष्काळ पडला होता. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३० च्या अखेरीस सुरतेहून याच रस्त्याने गेला. रस्ताभर पडलेली प्रेते, अगदी नंदुरबारमध्येही, त्याने लिहून ठेवली आहेत. ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मेलेल्या राणीसाठी ताजमहाल झाला. या रस्त्यावर मेलेल्यांचे नावही कोठे नाही. आमचे पूर्वज त्या वेळी राजवाड्यात नव्हते, ते या रस्त्यावरच कोठेतरी असणार.

होळीला आई-वडील परत आले तेव्हा मी सारी छायाचित्रे दाखविली. वडील रस्त्याची कथा ऐकून एवढेच म्हणाले, "म्हणजे आम्ही सुरतेकडे जातो तोच रस्ता तू उलटा गेलास." आईने वेशी, किल्ला, हमामखाना सर्व पाहिले आणि विचारले, "ह्या लोके पानी कोठेन भरतस?"

इतक्या जणांनी फोटो पाहिले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सुदैवाने उत्तर माझ्याजवळ होते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, येथे 'कुंडी भंडारा' बांधला गेला. सातपुड्यातून जमिनीत मुरून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात अडविले, शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या त्या भुयाराला जोडल्या व केवळ उताराच्या बळावर पाणी शहराकडे आणले. मोट नाही, रहाट नाही. ही इराणातली विद्या होय. आई म्हणाली, "हे बांधणाऱ्याचा फोटो पाहिजे होता."

त्याचा फोटो कोठून मिळणार? कुदळ धरणाऱ्या हातांची चित्रे त्या काळी कोणी काढली नाहीत. पण आजच्या हातांची काढता येतील. पुढच्या हंगामात सुटीत मी गुजरातेत आई-वडिलांच्या पडावावर जाणार आहे. सर कॅमेरा पुन्हा देतो म्हणाले आहेत.

वाचक मित्रांनो, बऱ्हाणपूर अवश्य पाहा. तट पाहा, वेशी पाहा, आणि तटाला टेकून राहणाऱ्या माणसाला नमस्कार करून मगच कॅमेरा उचला.