ज्योतीवरची निळी टोपी

कोळशाच्या भूमिगत खाणीत छताशी गॅस साचला आहे का, हे दिव्याच्या ज्योतीकडे बघून सांगता येतं. वात खाली घ्यायची, ज्योत इवलीशी करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. हवेत मिथेन असेल, तर त्या लहानशा पिवळ्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. खाणीतली माणसं तिला ‘कॅप’च म्हणतात. गॅस एक-सव्वा टक्का असताना ती जेमतेम दिसते, दोन टक्क्यांना स्पष्ट होते, तीन-चार टक्क्यांना उंच सुळक्यासारखी वर चढते. पाच टक्क्यांच्या पुढे टोपी बघत बसायची सोय नाही, कारण साधारण पाच ते पंधरा टक्के मिथेन असलेली हवा ठिणगी मिळताच स्फोट करते.

ज्या ज्योतीने खाण उडू शकते, त्याच ज्योतीने खाणीतला धोका मोजायचा! ही गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी थक्क करते. भारतात मायनिंग सरदार, म्हणजे खाणीत कामगारांवर देखरेख करणारा माणूस, व्हायचं तर गॅस टेस्टिंगचं प्रमाणपत्र लागतं. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यातली खाण असो की झरियातली, कामगार आत जाण्याआधी तिथली हवा तपासून घेणं ही सरदाराची जबाबदारी असते.

हा गॅस येतो कुठून? आपल्या गोंडवन कोळशाची जंगलं पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडली गेली. त्यांचा कोळसा होताना मिथेन तयार झाला आणि कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहिला. कुदळ पडते, थर मोकळा होतो आणि कोट्यवधी वर्षं कोंडलेला तो गॅस सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताच्या खाचाखोचांत जाऊन बसतो.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खाणीत उजेडासाठी मेणबत्ती होती. सकाळी एक माणूस ओली गोणपाटं अंगाभोवती गुंडाळून, लांब काठीच्या टोकाला जळती मेणबत्ती लावून, पोटावर सरपटत पुढे जाई आणि साचलेला गॅस मुद्दाम पेटवून देई. इतरांना दिवसभर काम करता यावं म्हणून स्फोट आधीच आपल्या अंगावर घ्यायचा, ही त्याची नोकरी. गॅस फारच असेल तिथे एखादा मुलगा गारगोटीवर पोलादी चाक फिरवत बसे आणि त्या ठिणग्यांच्या उजेडात बाकीचे कोळसा फोडत. ठिणगी ज्योतीपेक्षा सुरक्षित, असा समज होता. तो खरा नव्हता.

२५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत स्फोट झाला. ९२ माणसं गेली, त्यांत बरीच मुलं होती. अशा बातम्यांचा गवगवा होऊ नये अशी खाणमालकांची इच्छा असे. पण तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी स्फोटाची हकिगत, खाणीचा नकाशा आणि मेलेल्यांची नावं व वयं छापून प्रसिद्ध केली. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा इतिहास लिहायचा, तर मी त्या यादीला कुठल्याही यंत्राइतकंच महत्त्व देईन. त्यातून लोक हलले, संडरलंडमध्ये खाणअपघात टाळण्यासाठी एक मंडळ उभं राहिलं आणि १८१५ मध्ये त्या मंडळाने त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाला, हम्फ्री डेव्हीला, गाठलं.

डेव्ही स्वतः खाणप्रदेशात गेला, हॉजसनना भेटला आणि लंडनला परतला. मागोमाग बाटल्यांत भरलेला खाणीतला गॅस त्याच्या प्रयोगशाळेत पोहोचला. मदतीला मायकेल फॅरडे नावाचा तरुण साहाय्यक होता. काही आठवड्यांतच डेव्हीच्या लक्षात आलं की गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवलं, तरी धातूच्या पुरेशा अरुंद नळीतून ज्योत पलीकडे जात नाही.

असं का होतं? ज्योत पुढे सरकते, कारण जळणारा थर शेजारच्या थराला तापवतो. मिथेन आणि हवेचं मिश्रण पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागतं. अरुंद नळीत चारही बाजूंनी धातू असतो आणि तो उष्णता झपाट्याने शोषतो. शेजारच्या थराला तापायला काही उरतच नाही आणि ज्योत वाटेतच विझते. मग नळी जितकी अरुंद, तितकी आखूड चालेल. असं करत करत डेव्ही अशा नळ्यांपर्यंत पोहोचला ज्यांना लांबी जवळपास नाहीच, म्हणजे तारेच्या जाळीपर्यंत. इंचाला २८ तारा, चौरस इंचात ७८४ छिद्रं. ज्योतीभोवती ही जाळी गुंडाळली, झाला दिवा! हवा आत जाते, उजेड बाहेर येतो. गॅसही आत शिरतो, आत पेटतो, जाळी लालभडक होते आणि बाहेरच्या गॅसला त्याचा पत्ता लागत नाही. एका साध्या जाळीने स्फोटाला आतच कोंडून ठेवावं, याहून देखणा शोध मला तरी माहीत नाही.

जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा प्रत्यक्ष गॅसमध्ये नेऊन पाहिला गेला. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. त्याच सुमारास किलिंगवर्थ खाणीत जॉर्ज स्टीफन्सन या कारागिराने विज्ञानाचं काहीही शिक्षण नसताना आपल्या अनुभवावर स्वतंत्रपणे सुरक्षादिवा बनवला होता आणि खऱ्या गॅसमध्ये नेऊन तपासलाही होता. श्रेय कोणाचं यावरून दोन्ही बाजूंचे लोक कडाकडा भांडले. मला दोघांचंही कौतुक वाटतं. एकाने कारण शोधलं, दुसऱ्याने जीव धोक्यात घालून उपाय. पुढे हाच स्टीफन्सन रेल्वेमुळे जगाला माहीत झाला आणि त्याचा मुलगा रॉबर्ट मुंबई-ठाणे लोहमार्ग बांधणाऱ्या जीआयपी कंपनीचा सल्लागार इंजिनियर होता.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत येते. पुढची फारशी येत नाही. १८३५ च्या ब्रिटिश संसदीय समितीसमोर आकडे आले. दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड या दोन परगण्यांतल्या खाणींत ४४७ माणसं दगावली होती. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत ५३८.

दिवा खोटा नव्हता. जोराचा वारा लागला तर ज्योत जाळीपलीकडे ढकलली जाई, जाळीला एखादं भोक पडलेलं असे, हे दोष होतेच. उजेडही इतका मंद की कामगार जाळी काढून काम करत. पण मोठं कारण दुसरंच होतं. गॅसच्या भीतीने सोडून दिलेले थर आता उघडले गेले, खाणी आणखी खोल गेल्या, कोळसा जास्त निघाला. हवा खेळती ठेवण्यावर खर्च करण्याऐवजी मालकांनी कामगाराच्या हातात दिवा दिला आणि त्याला जास्त गॅसमध्ये पाठवलं. सुरक्षेचं साधन कोणाच्या हाती आहे आणि काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर डेव्हीने एका हिवाळ्यात दिलं. दुसऱ्यासाठी कायदे, निरीक्षक आणि कामगारांच्या संघटना लागल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. भारतात खाणींचा पहिला कायदा १९०१ मध्ये आला.

१८४४ मध्ये डरहॅममधल्या हॅसवेल खाणीत ९५ माणसं मेली, तेव्हा सरकारने चौकशीसाठी भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवलं आणि सोबत डेव्हीचा जुना साहाय्यक फॅरडे. आता तो जगप्रसिद्ध होता. खाणीत वाऱ्याचा वेग कसा मोजता, असं फॅरडेने विचारलं. निरीक्षकाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीवर टाकली. धूर किती वेळात कुठवर जातो ते सोबत्याने घड्याळात पाहिलं. ही दारू ठेवता कुठे, फॅरडेने पुढे विचारलं. उत्तर आलं, तुम्ही बसला आहात ना, त्या पोत्यात.

पण त्या दोघांनी जे टिपलं ते फार मोलाचं होतं. खाणीत जळलेल्या कोळशाच्या भुकटीचे थर ठिकठिकाणी चिकटले होते. म्हणजे गॅसचा स्फोट ही नुसती सुरुवात होती. त्याच्या धक्क्याने बोगद्यातली कोळशाची धूळ हवेत उडाली आणि ती पेटत गेली. लाकडाचा ओंडका सावकाश धुमसतो, पण भुसा मूठभर उधळला तर भडका उडतो, कोळशाचंही तसंच. अहवालातल्या या मुद्द्याकडे कित्येक दशकं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कूरियेर खाणीत १,०९९ माणसं मेली, तीही धुळीच्या अशाच भडक्यात.

यावरचा उपाय पुन्हा थक्क करणारा आहे. बोगद्यात दगडाची भुकटी पसरायची! विल्यम गारफोर्थ यांनी यॉर्कशरमधल्या ऑल्टफ्ट्स इथे मोठमोठ्या नळकांड्यांत मुद्दाम स्फोट घडवून हे तपासलं. स्फोटाच्या वाऱ्याचा झोत ज्योतीच्या पुढे धावतो. तोच कोळशाच्या धुळीबरोबर दगडाची भुकटीही उडवतो. ही भुकटी जळत नाही, नुसती उष्णता खाते, आणि मागून येणारी ज्योत तिथे गारठते. काही ठिकाणी छताजवळ फळ्यांवर भुकटीचे ढीग रचतात. झोत आला की फळ्या उलटतात. स्फोट आपल्याच वाऱ्याने आपल्याला विझवणारी भुकटी उधळतो. हे ज्ञान होतं, नियम होते, तरीही २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडमधल्या ढोरी खाणीत धुळीच्या स्फोटाने २६८ कामगारांचा बळी घेतला. हॅसवेलच्या अहवालाला तेव्हा १२१ वर्षं झाली होती.

स्फोटातून वाचलेले मात्र का मरत? १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत ५७ माणसं गेली. जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ तिथे गेले. अनेक प्रेतांवर प्राणघातक इजा नव्हती, उलट कातडीवर निरोगी माणसासारखी गुलाबी झाक होती. ती झाक म्हणजेच पुरावा होता. अर्धवट ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो आणि रक्त लालचुटुक दिसतं. हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून, आपल्याच रक्ताचे नमुने तपासत, तो कुठल्या टप्प्याला काय करतो याची नोंद ठेवली होती. बचावासाठी आत जाणाऱ्यांना इशारा मिळावा म्हणून त्यांनी लहान प्राणी न्यायचं सुचवलं. लहान जिवाचा श्वास आणि रक्ताभिसरण इतकं वेगवान असतं की विष त्याच्या रक्तात माणसाच्या कितीतरी आधी भिनतं. उंदीर चालला असता, पण तो कोपऱ्यात निपचित बसला तर काय समजायचं? कॅनरी पक्षी दांडीवरून पडतो, ते लगेच दिसतं. शिवाय पक्ष्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसांतून जाते. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनची लहान बाटली असे. पक्षी कोसळला की दार लावून ती सोडायची, पक्षी शुद्धीवर येई.

हॉल्डेन मुलालाही लहानपणी खाणीत घेऊन गेले होते. गॅस असलेल्या जागी त्याला उभं करून शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच ओळींत मुलाला धाप लागली, पाय लटपटले, तो खाली पडला, आणि जमिनीलगतची हवा चांगली असल्याचं त्याला कळलं. मिथेन वर असतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. तो मुलगा म्हणजे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरमध्ये वारले.

ब्रिटनने १९८६ मध्ये कॅनरी पक्ष्यांना निवृत्त करायचं ठरवलं आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणली. मिथेन मोजणाऱ्या आजच्या बऱ्याच उपकरणांत प्लॅटिनमच्या तारेभोवती एक सूक्ष्म, तापवलेला मणी असतो. मिथेन त्यावर ज्योत न होता जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा विद्युतरोध वाढतो आणि पडद्यावर टक्के उमटतात. हा तापलेला मणी गॅसला आग लावू नये म्हणून उपकरणाच्या तोंडाशी बारीक छिद्रांची धातूची जाळी किंवा चकती बसवलेली असते. भारतीय खाणींत हा आकडा सव्वा टक्क्यावर गेला की त्या भागातली वीज तोडायची असते; कन्व्हेअर थांबतो, कोळसा कापणारं यंत्र थांबतं. आणि माणसांना तिथून बाहेर काढायचं असतं. उत्पादन कितीही खोळंबलं तरी.