विधेयकाचा माग : व्हर्जिनियाच्या विधिमंडळातील शस्त्रविषयक कायदे

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात विधेयकाचा कायदा कसा होतो, हे एका पानात सांगून टाकलेले असते. पहिले वाचन, समिती, दुसरे वाचन, तिसरे वाचन, दुसरे सभागृह आणि शेवटी राज्यपालांची संमती. हा क्रम उत्तरपत्रिकेत बिनचूक उतरवला की गुण पदरात पडतात. परंतु यांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर विधेयक अडते, ते कोण अडवतो आणि अडवल्याचे बाहेरच्या माणसाला कळते का, हे प्रश्न पुस्तक विचारत नाही. वास्तविक सामान्य नागरिकाच्या दृष्टीने तेच प्रश्न महत्त्वाचे. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी एखाद्या विधेयकाचा प्रत्यक्ष माग काढावा लागतो. त्यासाठी प्रस्तुत लेखात उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाचे, आणि विषय आहे बंदुकांचा.

हा विषय राज्याच्या विधिमंडळात कसा, असे आपल्याला प्रथम वाटेल. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम संसदेने केला. परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. बंदूक बाळगणे हा आपल्याकडे हक्क मानलेला नाही, ती कारणे दाखवून मिळवायची परवानगी आहे. अमेरिकेत पायाच निराळा आहे. तेथील घटनेच्या १७९१ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्रे बाळगण्याच्या जनतेच्या हक्काचा उल्लेख आहे. हा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आणि २०१० साली तो राज्यांनाही लागू केला. मात्र हा हक्क अमर्याद नाही, असेही न्यायालयाने सांगितले. केंद्राचे काही कायदे आहेत. पण कोणी, कोठे, कोणत्या अटींवर बंदूक विकावी, घ्यावी किंवा जवळ बाळगावी, याचा बराचसा भाग राज्ये ठरवतात. त्यामुळे राज्याराज्यांच्या विधिमंडळांत या विषयावरील विधेयकांची गर्दी होते. एका पक्षाला त्यांत पूर्वापार हक्कावरचे आक्रमण दिसते, दुसऱ्याला मुलाबाळांच्या जिवाचे रक्षण दिसते. दोन्हीकडची माणसे प्रामाणिकपणे अस्वस्थ असतात, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची हकिकत समजणार नाही.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची परंपरा १६१९ सालापर्यंत मागे जाते. कनिष्ठ सभागृहात १०० प्रतिनिधी असतात व त्यांची मुदत दोन वर्षांची. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये, ४० सदस्य असतात व त्यांची मुदत चार वर्षांची. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी रिचमंड येथे सुरू होते. सम वर्षी ते साठ दिवसांचे असते. विषम वर्षी याहूनही आखूड. सदस्य पूर्णवेळ राजकारणी नसतात. कोणी वकील, कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर. अशा माणसांपुढे एवढ्याशा अवधीत दोन हजारांहून अधिक विधेयके येतात. आपल्याकडे बहुतेक विधेयके मंत्री मांडतात. तेथे प्रत्येक विधेयक कोणा ना कोणा सदस्याच्या नावावर असते.

आता माग कसा ठेवायचा ते पाहू. विधेयक दाखल होताच त्याला क्रमांक मिळतो व त्यावरून ते कोणत्या सभागृहात जन्मले हे कळते. महत्त्वाच्या विषयावर बहुधा दोन्ही सभागृहांत एकाच मजकुराची जुळी विधेयके मांडतात. एक अडले तर दुसरे चालावे, हा हेतू. म्हणून माग ठेवणाऱ्याने दोन्ही क्रमांक टिपून ठेवावेत. मग विधेयक समितीकडे जाते, समितीकडून अनेकदा उपसमितीकडे. येथेच बहुतेक विधेयकांचे भवितव्य ठरते. उपसमिती म्हणजे मोजकी माणसे, सकाळची वेळ आणि बोलू इच्छिणाऱ्या नागरिकाला एखाद-दोन मिनिटे.

विधेयक संपवण्याचे शब्दही मोठे सौम्य आहेत. ‘अनिश्चित काळापर्यंत पुढे ढकलले’ म्हणजे संपले. ‘मेजावर ठेवले’ म्हणजे बहुधा संपले. ‘समितीत राहिले’ म्हणजे त्याच्यावर कोणी मतदानही केले नाही आणि तरी ते संपले. ‘पुढील वर्षी चालू’ म्हणजे तूर्त नको. नव्या माणसाला या शब्दांवरून वाटते की काम चालू आहे. जाणत्याला कळते की आता दुसरे विधेयक शोधले पाहिजे.

समितीतून वाचलेले विधेयकही मूळ रूपात राहीलच असे नाही. त्याच क्रमांकाखाली पूर्णपणे नवा मजकूर घालता येतो. म्हणून क्रमांकाबरोबर मजकूरही पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. अधिवेशनाच्या मध्यावर एक दिवस ठरलेला असतो. तोपर्यंत प्रत्येक सभागृहाने आपली विधेयके संमत करून पलीकडे धाडायची. जी मागे राहिली ती बाद. दोन्ही सभागृहांचा मजकूर जुळला नाही तर दोन्हीकडचे मोजके सदस्य बसून तडजोड करतात. नंतर राज्यपाल. त्यांनी सही करावी, नकाराधिकार वापरावा किंवा दुरुस्त्या सुचवून विधेयक परत पाठवावे. त्यासाठी अधिवेशन संपल्यावर सहाव्या बुधवारी विधिमंडळ पुन्हा भरते. नकाराधिकार उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. सामान्यतः नवे कायदे १ जुलैपासून अमलात येतात.

हे झाले शास्त्र. आता प्रत्यक्ष हकिकत.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले. साऱ्या जगात हळहळ व्यक्त झाली. परवानाधारक दुकानदाराने गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी करावी, अशी सोय व्हर्जिनियात १९८९ पासून होती. परंतु खाजगी विक्रेत्यावर, मग त्याने बंदुकांच्या प्रदर्शनात विक्री केली तरी, ते बंधन नव्हते. हे बंधन घालणारी विधेयके पुढील वर्षांत वारंवार आली आणि वारंवार बारगळली. उलट २०१२ साली एक जुना निर्बंधच उठला. तीस दिवसांत एकापेक्षा अधिक पिस्तूल विकत घेऊ नये, असा कायदा १९९३ साली झाला होता, तो रद्द करण्यात आला. म्हणजे केवळ मोठी दुर्घटना घडली म्हणून कायदा होतो, हा समज खरा नाही. विधिमंडळातील मतांची बेरीज तशीच असेल तर दुःख कितीही मोठे असो, विधेयक उपसमितीच्या दाराशी थांबते.

३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरात नगरपालिकेच्या एका कर्मचाऱ्याने कार्यालयाच्या इमारतीत १२ जणांचा बळी घेतला. राज्यपाल राल्फ नॉर्दम हे डेमोक्रॅटिक पक्षाचे आणि पेशाने डॉक्टर. त्यांनी ९ जुलै रोजी खास अधिवेशन बोलावले. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचे निसटते बहुमत होते. सुमारे दीड तासात अधिवेशन तहकूब झाले आणि सारी विधेयके अभ्यासासाठी राज्याच्या गुन्हेविषयक आयोगाकडे गेली. तहकुबीची तारीख नोव्हेंबरातील निवडणुकीनंतरची होती. त्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. दोन दशकांहून अधिक काळात प्रथमच राज्यपालपद आणि दोन्ही सभागृहे त्या पक्षाच्या हाती आली.

लगेच दुसरी बाजू उठली. ग्रामीण भागात शिकार, शेतीचे रक्षण आणि पोलीस ठाण्याचे लांबचे अंतर यांमुळे बंदूक ही घरातील नेहमीची वस्तू असते. शंभराहून अधिक स्थानिक संस्थांनी आपण दुसऱ्या दुरुस्तीचे ‘अभयक्षेत्र’ आहोत, असे ठराव केले. राज्याच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबरात मत दिले की अशा ठरावांना कायद्याचे बळ नाही, कारण व्हर्जिनियात स्थानिक संस्थांना राज्याने दिलेलेच अधिकार असतात. तरीही ठरावांच्या सभांना लोटलेली गर्दी खरी होती आणि तिची दखल रिचमंडला घ्यावी लागली.

२० जानेवारी २०२० रोजी, अधिवेशनाच्या पहिल्याच पंधरवड्यात, सुमारे २२ हजार लोक विधानभवनाभोवती जमले. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर करून विधानभवनाच्या आवारात शस्त्रे आणण्यास बंदी केली होती. म्हणून हजारो माणसे कुंपणाबाहेर बंदुका घेऊन उभी राहिली. रक्तपाताची धास्ती होती, पण दिवस शांततेत गेला. गर्दीमागे राज्यातील बंदूकधारकांची एक जुनी संघटना होती. ती दरवर्षी एकेक विधेयक वाचून त्याला पाठिंबा की विरोध हे सभासदांना कळवते आणि ठराविक दिवशी त्यांना आमदारांच्या भेटीला नेते. त्यांच्या छातीवर नारिंगी चिकटपट्ट्या असतात. समोरच्या बाजूच्या मातांच्या संघटनेच्या स्त्रिया लाल सदरे घालून त्याच समित्यांत बसतात. दोन्हीकडे हातात याद्या असतात आणि यादीत विधेयकांचे क्रमांक.

पुढील आठवड्यांत काय घडले? खाजगी विक्रीतही पूर्वचौकशी सक्तीची करणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने व्यापक स्वरूपात संमत केले. बंदुकीच्या कोणत्याही ‘हस्तांतरणा’ला ते लागू होते. सेनेटने ते ‘विक्री’पुरते ठेवले. अखेर विक्री हाच शब्द कायद्यात आला. या एका शब्दाने मित्राला उसनी दिलेली किंवा मुलाला भेट दिलेली बंदूक कायद्याबाहेर राहिली. वर्तमानपत्राचा मथळा वाचणाऱ्याला हा फरक कळला नसता. मजकूर वाचणाऱ्याला कळला.

बारा वर्षांपूर्वीची मागणी अशा रीतीने मान्य झाली. महिन्याला एक पिस्तूल हा रद्द झालेला नियमही परत आला, पण छुपे पिस्तूल बाळगण्याचा परवाना असणाऱ्यांना त्यातून वगळले. धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची शस्त्रे न्यायालयीन आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची तरतूद झाली. प्रथम चौदा दिवस, आणि पुढे सुनावणी होऊन १८० दिवसांपर्यंत.

सर्वांत वादग्रस्त विधेयक होते ते लष्करी धाटणीच्या स्वयंभरित बंदुका व मोठ्या क्षमतेची काडतूसपेटी यांवरील बंदीचे. ते कनिष्ठ सभागृहात ५१ विरुद्ध ४८ अशा मतांनी कसेबसे निभावले. १७ फेब्रुवारी रोजी सेनेटच्या न्यायविषयक समितीने ते १० विरुद्ध ५ मतांनी पुढील वर्षावर ढकलले व आयोगाकडे अभ्यासाला पाठवले. ढकलणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचेच चार सदस्य होते. व्याख्या नीट नाहीत, अशी शंका त्यांतील काहींना होती. बहुमत असून पक्षाचे विधेयक पडले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. समितीतील माणसे कोण, त्यांचे मतदारसंघ कसे, हे पाहणाऱ्यांना मात्र ते आधीच दिसत होते.

बाकीच्या अनेक विधेयकांवर राज्यपालांनी १० एप्रिल २०२० रोजी सह्या केल्या. एव्हाना करोनाची साथ आली होती. त्यामुळे २२ एप्रिलचे फेरअधिवेशन कनिष्ठ सभागृहाने विधानभवनाबाहेर तंबूत आणि सेनेटने विज्ञान संग्रहालयात भरवले. १ जुलैपासून कायदे लागू झाले.

पण गोष्ट तेथे संपत नाही. व्हर्जिनियात राज्यपालाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. २०२१ साली रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन यंगकिन निवडून आले. २०२४ साली दोन्ही सभागृहे पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती आणि त्या बंदीचे विधेयक या वेळी दोन्ही सभागृहांतून पार पडले. २६ मार्च रोजी यंगकिन यांनी बंदुकीविषयीच्या ३० विधेयकांवर एकाच दिवशी नकाराधिकार वापरला. त्यांत हेही होते. दोन-तृतीयांश मते जमणे शक्य नव्हते. २०२० साली जे समितीत अडले, ते २०२४ साली राज्यपालांच्या मेजावर अडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी पुन्हा डेमोक्रॅटिक राज्यपाल निवडला. शिवाय न्यायालयेही आहेतच. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रविषयक कायद्यांना इतिहासाचा आधार मागणारी कडक कसोटी घालून दिली. २०२४ साली घरगुती अत्याचाराच्या प्रकरणात शस्त्रबंदी वैध ठरवून तिचा अर्थ काहीसा स्पष्ट केला.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? बंदुकीच्या हक्काचा वाद आपला नाही; त्यात पक्ष घेण्याची आपल्याला गरजही नाही. घेण्यासारखी आहे ती त्या नारिंगी आणि लाल रंगांच्या माणसांची चिकाटी. ती परस्परांचे कट्टर विरोधक आहेत. पण विधेयकाचा क्रमांक, समितीची वेळ आणि मजकुरातील बदललेला शब्द दोघांनाही तोंडपाठ असतो. मतदानाचा दिवस संपला की नागरिकाचे काम संपले, असे त्यांतले कोणीच मानत नाही.

आपल्या विधिमंडळातही शेतजमीन, पाणी, शिक्षणसंस्था, शहरांची वाढ यांविषयी विधेयके येतात. अधिवेशनाच्या अखेरीस ती घाईने संमत होतात, ही तक्रार जुनीच आहे. तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादे विधेयक अथपासून इतिपर्यंत वाचलेले असते? राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला एकच विधेयक निवडावे, वहीत त्याचे नाव लिहावे आणि ते मांडल्यापासून राजपत्रात येईपर्यंत, किंवा मध्येच नाहीसे होईपर्यंत, तारखेवार नोंदी ठेवाव्यात. परीक्षेच्या पाच गुणांपलीकडे बरेच काही हाती लागेल. आणि आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे, हे एखाद्या आमदाराच्या कानावर गेले, तर तोही लाभ थोडा नव्हे.