सवय शरीराला नाही, जंतूंना
‘माझ्या शरीराला या अँटिबायोटिकची सवय झालीय,’ असं आपण म्हणतो. पण दाद देईनासे होतात ते जंतू, शरीर नव्हे. म्हणूनच हा प्रतिरोध शेजारच्या खाटेपर्यंत पोचतो.

लघवीच्या नळीवाटे शिरणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला घ्या. त्यातल्या काहींकडे औषध तोडणारं एन्झाइम असतं, आणि त्याचं जनुक एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. औषधाने साधे जंतू मरतात. हे उरतात, वाढतात.

म्हणून आपला माणूस ॲडमिट असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : पहिल्या डोसआधी कल्चरसाठी नमुना घेतला का? नळीची अजून गरज आहे का? रिपोर्टला २-३ दिवस लागतात. गंभीर पेशंटचं औषध तोवर थांबवत नाहीत, रिपोर्ट पाहून बदलतात. आणि पेशंटला हात लावण्याआधी, नंतरही, हात धुवा.