समासातली लाल शाई

संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. बजाजनगरच्या किंवा रांजणगावच्या खोलीवर पोचायचं, डबा उघडायचा आणि मोबाइल भिंतीला टेकवून अर्थशास्त्राचं व्याख्यान लावायचं. व्याख्यान चाळीस मिनिटांचं. दहाव्या मिनिटाला पोराचा डोळा लागतो. व्याख्यान मात्र शेवटपर्यंत चालतं आणि यंत्राच्या हिशेबी त्याची हजेरी पूर्ण भरते. ऑनलाइन दूरशिक्षणाच्या दर्जाची चर्चा निघाली की मला आधी ही झोपलेली हजेरी आठवते.

कामकरी विद्यार्थ्याच्या सोयीने शिकवायचं, ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, त्याचे वर्ग नोकरदारांसाठी सकाळी भरत. त्याच संस्थेने 1950 मध्ये इथे जे महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. तोवर मराठवाड्यातल्या पोराला पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 साली आलं. मिलिंदच्या नागसेनवन परिसराने अंतर तोडलं ते कॉलेज आणि वसतिगृह मुलाच्या जवळ आणून.

तेच अंतर पुस्तक घरी पाठवून तोडायला 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. या विद्यापीठाने मराठीला एक सुंदर शब्द दिला: समंत्रक. प्राध्यापक नव्हे, मार्गदर्शकही नव्हे. पुस्तक विद्यार्थ्याने घरी वाचायचं आणि अडेल तिथे समंत्रकाला विचारायचं. संपर्कसत्र अभ्यासकेंद्रावर, बहुधा सुट्टीच्या दिवशी. पुस्तकंही एकट्याने वाचणाऱ्यासाठी लिहायची, मध्ये मध्ये प्रश्न टाकून. बोर्जे होल्मबर्ग हे स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ हेच सांगत आले: दूरशिक्षणाचा मजकूर समोर बसून बोलल्यासारखा वाटला पाहिजे.

कल्पना उत्तम होती, पण तिचा जीव समंत्रकात होता आणि नेमकी तिथेच काटकसर होते. एका अभ्यासकेंद्रावर तपासून आलेल्या स्वाध्यायांचा गठ्ठा मी एकदा चाळला होता. प्रत्येक पानावर एक तिरकी बरोबरची खूण, शेवटी दहापैकी आठ. दोन वह्यांतली उत्तरं तर शब्दशः एकाच गाइडमधली होती; त्यांनाही आठच! समासात अक्षर नाही. ऑनलाइन आल्यावर वही गेली, पीडीएफ आली. समास कोरा तो कोराच.

सुधारणा म्हटलं की आपल्याकडे आधी स्टुडिओ बांधतात. एडएक्स या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या 69 लाख नोंदी संशोधकांनी तपासल्या. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक सर्वांत मन लावून पाहतात, असं दिसलं. म्हणजे तासाचं व्याख्यान कापून तुकडे करा, इतकाच अर्थ काढला तर फसगत होईल. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशाच अभ्यासक्रमांत 2017-18 साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी शेवट गाठला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण 46 टक्के होतं.

दोन तुकड्यांच्या मध्ये काय ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना 42. आपल्या आज्या पाठांतर म्हणून दाखवायला लावत त्यात हेच तर होतं. सहा मिनिटांच्या तुकड्यानंतर पडदा थांबावा आणि ‘आता तू सांग’ म्हणावं. याला स्टुडिओ लागत नाही. प्रश्न काढणारा शिक्षक लागतो आणि तो बऱ्यापैकी दुर्मिळ आहे.

9 जुलै 2017 रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमांची रचना चौपदरी आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा. पहिले दोन पदर एकदाच तयार करून ठेवता येतात. चर्चेला रोज माणूस बसवावा लागतो, म्हणून ओस पडते तीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनी सातत्यपूर्ण मूल्यमापनाला 30 टक्क्यांपर्यंत आणि सत्रान्त परीक्षेला किमान 70 टक्के वजन दिलं. त्या तिसाचं काय करायचं, हे ज्या त्या संस्थेच्या दानतीवर. बहुतेक ठिकाणी चार पर्यायांतून एक निवडा, की झालं!

1969 मध्ये सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने पहिल्यापासून पैसा घातला तो शिकवणीदारात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा शिकवणीदार, एका गटात साधारण वीस-पंचवीस जण. त्याच्या कामाचा मोठा भाग गृहपाठावर लेखी अभिप्राय देण्याचा, कारण दूरच्या मुलाला शिकवायची मुख्य जागा तीच, असं ते विद्यापीठ मानतं. हे महागात पडतं, यात वाद नाही. पण चकचकीत व्हिडिओ कुणाच्या उत्तरातली चूक दाखवत नाही.

आणि अभिप्राय मराठीत हवा. सिल्लोड-कन्नड तालुक्यांतल्या मुलीला इंग्रजी व्याख्यान उपशीर्षकं लावून कळेलही, अडचण मात्र ती मराठीतच विचारणार, तीही बहुधा आवाज रेकॉर्ड करून. ते ऐकून घेणारा माणूस नेमायचा तर त्याचे तास धरून मानधन द्यायला हवं, वह्यांच्या नगावर नको.

वाळूजच्या त्या पोराची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसेल तर रविवारचं संपर्कसत्र त्याच्या उपयोगाचं नाही. त्याने मागणीची रेषा काढून फोटो पाठवलाय, रात्री साडेबाराला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळीवर निघायच्या आत त्याला दोन ओळी मिळायला हव्यात: ‘रेषा उलटी उतरलीय. किंमत वाढली की तू स्वतः काय करतोस ते आठव आणि पुन्हा काढ.’