गर्भिणीचे श्रम आणि गर्भिणीचा व्यायाम

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत लवळे हें गांव आहे. त्याच्या टेकडीवर आतां सिंबायोसिस विद्यापीठ उभें आहे; तालुक्यांतील खाचरांत मात्र पावसाळा लागला कीं बायका पूर्वीप्रमाणेंच वाकून भाताची लावणी करतात. खाचरांतील गर्भिणीस वडीलधारीं सांगतात, "काम करीत राहा, सुटका सोपी होईल." कचेरींत बसून काम करणारीस तिची सासू सांगते, "जपून अस, पडून राहा." दोन्ही उपदेश प्रेमाचेच, परंतु श्रम आणि व्यायाम ह्यांतील भेद दोहोंतहि हरवला आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा गांवांतील गर्भिणींचा अभ्यास केला. त्यांच्या दैनंदिन कामाविषयींचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. पाणी वाहणें, धुणें, शेतकाम ह्यांचा भार जितका अधिक, तितकें नवजात बालकाचें वजन कमी, असें त्यांत आढळलें. त्या स्त्रिया मुळांतच कृश. त्यांच्या बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो. जात्याची थोरवी गाणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. जातें केव्हां थांबवावयाचें हें दळणारीच्या हातीं क्वचितच असे, आणि व्यायामाचें मर्म तर हवें तेव्हां थांबण्याच्या मोकळिकेंत आहे. लावणी करणाऱ्या स्त्रीस व्यायाम सांगण्यापूर्वीं तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवावा व तिच्या ताटांत डाळ-भाकर वाढवावी.

बैठें काम करणारीची गोष्ट निराळी. प्रकृति निकोप असेल तर आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम व्यायाम करावा व त्यांत स्नायु बळकट करणाऱ्या हालचाली असाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आहे. अशा व्यायामानें गर्भपात होतो ही भीति निराधार आहे. उलट गर्भारपणांतील मधुमेहाचा संभव त्यानें कमी होतो.

गर्भ वाढूं लागला म्हणजे शरीराचा तोल पुढें जातो, कंबर आंत वळते व पोटाचे उभे स्नायु मध्यरेषेपासून दूर सरकतात. त्यांच्याखालीं एक आडवा स्नायु कमरपट्ट्यासारखा पोटास वेढून असतो, आणि तळाशीं ओटीपोटाचा भार झोळीप्रमाणें धरणारे स्नायु असतात. बळ द्यावयाचें तें ह्या दोहोंना. हातां-गुडघ्यांवर ओणवें होऊन श्वास सोडतां सोडतां पोट हलकेंच आंत घ्यावें. खुर्चीवरून सावकाश उठावें-बसावें. भिंतीला तळहात टेकून उभ्यानेंच दंड काढावे. तळाचे स्नायु, लघवी रोखतांना आवळतात तसे, कांहीं क्षण आवळून पुरते सैल सोडावे. ह्यानें पुढें खोकतां-शिंकतांना लघवी सुटण्याचा त्रास टळूं शकतो. सैल सोडणें बहुतेकजणी विसरतात, आणि प्रसूतीच्या वेळीं उपयोगी पडतें तें नेमकें तेंच. पुण्याच्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) गर्भिणींस खुर्ची, लोड व भिंत ह्यांच्या आधारानें आसनें शिकवीत. आधार घेण्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

जोर लावतांना श्वास सोडावा. तो कोंडून ठेवूं नये. बोलतां येईल पण ओवी गातां येणार नाहीं, इतपतच दम लागावा. चवथ्या-पांचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणें पडून व्यायाम करूं नये. गर्भाशयाच्या भारानें पाठीच्या कण्यालगतची मोठी नीला दबते, हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें आणि घेरी येते. उताण्यानें उठून बसण्याचे व्यायाम तर वर्ज्यच. कोणत्याहि हालचालींत पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा उमटला, तर ती हालचाल सोडून द्यावी.

वार गर्भाशयाच्या मुखावर असणें, गर्भारपणांत वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, हृद्रोग अथवा गर्भाशयाचें मुख सैल असणें, ह्यांपैकीं कांहीं असल्यास डॉक्टरांना विचारल्यावांचून आरंभ करूं नये. व्यायाम चालू असतां रक्त किंवा पाणी जाऊं लागलें, छातींत दुखलें, घेरी आली, एका पोटरीस सूज येऊन ती दुखूं लागली अथवा पोटांत ठराविक अंतरानें कळा येऊं लागल्या, तर तत्काळ थांबून रुग्णालय गांठावें. लवळ्याच्या परिसरांतील स्त्रियांना त्यासाठीं पुण्यास जावयास नको. सिंबायोसिसचें रुग्णालय गांवांतच आहे.